हुशार होते म्हणून

शेजारच्या सातवीतल्या मुलीला शाळेसाठी तक्ता करायचा होता. विषय होता 'अवकाशयुगाचे शिल्पकार'. तिच्या घरी पाहुणे आलेले, म्हणून रविवारी सकाळी ती गुंडाळलेला कार्डशीट, कात्री, डिंकाची बाटली आणि छापून आणलेले फोटो घेऊन आमच्याकडे आली आणि हॉलच्या फरशीवर पसारा मांडून बसली. त्सिओल्कोव्हस्की चिकटवून झाला, गोडार्ड झाला, कोरोलेव्ह झाला, विक्रम साराभाई झाले. मग वेर्नर फॉन ब्राउनचा फोटो आला. सूट घातलेला देखणा माणूस, आणि त्याच्यामागे माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाची ती अवाढव्य इंजिनं. खाली चार ओळी लिहायच्या होत्या. ती मोठ्याने म्हणत लिहू लागली : जन्म १९१२, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी व्ही-२ अग्निबाण तयार केला, युद्धानंतर अमेरिकेत गेले... आणि थांबली. "काकू, जर्मनी हरली ना? मग हे तर अमेरिकेचे शत्रू झाले. त्यांना पकडलं नाही का?" तिची आई तिला न्यायला आली होती. दारातूनच तिने उत्तर दिलं, "अगं, हुशार होते ना ते, म्हणून." मुलीचं समाधान झालं. तिने चौथी ओळ लिहिली, स्केचपेनाने चौकट आखली आणि पसारा आवरून निघून गेली.

ते उत्तर मात्र माझ्याकडे राहिलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून जास्तच सलत राहिलं. हजारो पानांचे अहवाल आणि सरकारी टिपणं चाळली तरी हाती लागतं ते त्या माउलीने दारात चप्पल सरकवता सरकवता सांगितलेलंच. हुशार होते म्हणून.

हे उत्तर आपल्या घरांत नवीन नाही. मी चिंचवडच्या ज्या चाळीत वाढले तिथे बोर्डात आलेला एक मुलगा होता. तो जेवून उठला की त्याचं ताट बहीण उचलायची. तो आईवर ओरडला तर 'अभ्यासाचा ताण आहे', आणि बहिणीवर हात उगारला तर 'तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस'. त्याच्या निकालाच्या दिवशी चाळभर पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले आणि मलाही आनंद झाला होता. त्या बहिणीचा चेहरा त्या दिवशी कसा होता हे आज मला कितीही ताण दिला तरी आठवत नाही. बुद्धीपुढे आपण असे वाकतो. तो वाकण्याचा संस्कार माझ्या अंगात आहे आणि मला तो पूर्णपणे वाईटही वाटत नाही. माझे वडील टूलरूममध्ये होते. त्यांच्या खात्यात एक जर्मन लेथ होतं. त्याच्याविषयी ते घरी देवघरातल्या मूर्तीविषयी बोलावं तसं हळू आवाजात बोलायचे. कारखान्याच्या कौटुंबिक दिवसाला त्यांनी मला ते दाखवायला नेलं. तेल आणि कूलंटचा उग्र वास, पायाखाली लोखंडाचा कुरकुरणारा कीस, आणि त्या यंत्राच्या अंगावरून फिरणारा त्यांचा हात. "बघ, एवढी वर्षं झाली, अजून शंभराव्या भागाचीही चूक नाही," असं ते म्हणाले होते. हे यंत्र ज्यांनी घडवलं ते लोक कसे होते, असा प्रश्न त्यांना पडला नव्हता, मलाही नाही.

जिंकलेल्या देशांनाही १९४५ मध्ये तो पडला नाही. खरं तर पडला, पण आधी दुसरा विचारायचा होता.

केंब्रिजपासून जवळ गॉडमँचेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या फार्म हॉल या विटांच्या जुन्या हवेलीत ३ जुलै १९४५ रोजी ब्रिटिशांनी दहा जर्मन शास्त्रज्ञांना, बहुतेक अणुसंशोधनातले, आणून ठेवलं. अणुविखंडनाचा, म्हणजे अणूचं केंद्र फुटण्याचा, शोध लावणारा ओटो हान, हायझेनबर्ग, माक्स फॉन लाउए, वाइत्सझेकर, गेरलाख, डीबनर, हार्टेक आणि आणखी तिघं तरुण. कुणावर आरोप नव्हता, खटला नव्हता. जगाला ते कुठे आहेत हे माहीत नव्हतं. घरच्यांना नीट पत्रं जात नव्हती. बाकी सारं होतं : गुलाबांची बाग, रेडिओ, वर्तमानपत्रं, स्वयंपाकाला जर्मन युद्धकैदी, आणि एक पियानो. हायझेनबर्ग त्यावर बेथोव्हेन वाजवायचा. आणि भिंतींमध्ये लपवलेले मायक्रोफोन होते. पलीकडच्या खोलीत जर्मन जाणणारी माणसं कानाला यंत्रं लावून बसलेली असत. कामाचं बोलणं निघालं की ते तबकडीवर घ्यायचं, त्याचा इंग्रजी तर्जुमा करायचा आणि मेजर रिटनर या अधिकाऱ्याच्या अहवालातून वर पाठवायचा. ती कागदपत्रं फेब्रुवारी १९९२ मध्ये खुली झाली. मूळ जर्मन संभाषण बहुतेक नष्ट झालं, कारण त्याच तबकड्या पुसून पुन्हा वापरल्या जात होत्या. उरलं ते ऐकणाऱ्यांना महत्त्वाचं वाटलं तेवढंच.

सुरुवातीच्याच एका संभाषणात डीबनर विचारतो, इथे मायक्रोफोन तर बसवले नसतील? हायझेनबर्ग हसतो. छे, एवढे काही हे चलाख नाहीत, गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, खऱ्या पद्धती यांना ठाऊकच नसाव्यात, या बाबतीत ते जरा जुन्या वळणाचे आहेत. मी हा भाग वाचला तेव्हा माझं त्यातल्या हसण्याशी अडलं. गेस्टापोच्या पद्धती त्याला माहीत होत्या, त्याचा त्रास त्याने स्वतःही थोडा भोगला होता. आइनस्टाइनचं भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून १९३७ मध्ये एस.एस. या नाझींच्या निमलष्करी संघटनेच्या मुखपत्राने त्याला 'गोरा ज्यू' ठरवलं होतं, चौकशी झाली होती. तो काही नाझी पक्षाचा सभासद नव्हता. हे मला विसरायचं नाही. तरीही जुलै १९४५ मध्ये, छावण्यांची दारं उघडून तीन महिने झालेले असताना, ही गोष्ट सहज हसण्यावारी नेता येत होती.

मग ६ ऑगस्टची संध्याकाळ. जेवणाच्या थोडं आधी रिटनर एकट्या हानला गाठतो आणि सांगतो की अणुबॉम्ब टाकल्याची बातमी बी.बी.सी.ने दिली आहे. हान कोसळतो. लाखो माणसांच्या मृत्यूला मीच जबाबदार, माझ्याच शोधामुळे हे शक्य झालं, असं तो म्हणतो. आपल्या शोधातून काय होऊ शकतं हे लक्षात आलं तेव्हाच आत्महत्येचा विचार मनात आला होता, असंही सांगतो. त्याला बरंचसं मद्य पाजून शांत करावं लागतं आणि मग दोघं जेवणाच्या टेबलापाशी जातात. बातमी ऐकून आधी कुणाचा विश्वास बसत नाही, हायझेनबर्गचा तर मुळीच नाही. नऊच्या बातम्या झाल्यावर खात्री पटते. हान म्हणतो, अमेरिकेकडे युरेनियमचा बॉम्ब असेल तर तुम्ही सगळे दुय्यम दर्जाचे, बिचारा हायझेनबर्ग. गेरलाख हरलेल्या सेनापतीसारखा खोलीत जाऊन रडतो. वाइत्सझेकर म्हणतो की आपण ते केलं नाही, कारण मनातून कुणालाच करायचं नव्हतं, जर्मनीने जिंकावं असं सगळ्यांना वाटलं असतं तर आपणही यशस्वी झालो असतो. त्यावर हान : मला हे पटत नाही, पण आपण यशस्वी झालो नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्या रात्री हान जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या भीतीने बाकीचे जागत राहिले, त्याला झोप लागल्याची खात्री होईपर्यंत.

ही रात्र मी पुन्हा पुन्हा वाचली आहे आणि दर वेळी हानबद्दल मला माया वाटते. त्या घरात हिरोशिमाच्या माणसांसाठी पहिला तोच कोसळला. आठवड्याभराने, १४ ऑगस्टला, हायझेनबर्गने इतरांना तो बॉम्ब कसा चालला असेल यावर व्याख्यान दिलं. हरलेल्या विद्यार्थ्याने परीक्षा संपल्यावर पेपर सोडवून दाखवावा तसं. आपण बॉम्ब का केला नाही याची जी नैतिक कारणमीमांसा पुढे जगभर ऐकवली गेली, ती तिथे जेवणाच्या टेबलावरच्या चर्चेत हळूहळू आकाराला आली. फॉन लाउए नाझींना उघड विरोध केलेला माणूस, आणि तोही तिथेच होता. १९५९ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितलं. त्या सगळ्या बोलण्यात नैतिकतेचा मुद्दा आपण कुणाच्या तोंडून ऐकला नाही, असंही त्याने लिहिलं.

आणि लिझं माइट्नर? तीस वर्षं हानची सहकारी. जुलै १९३८ मध्ये ज्यू म्हणून तिला बर्लिनमधून जीव वाचवून पळावं लागलं, आणि त्याच हिवाळ्यात विखंडनाच्या प्रयोगाचा अर्थ तिने आणि तिच्या भाच्याने, ओटो फ्रिशने, स्वीडनमधल्या बर्फात चालता चालता लावला. १६ नोव्हेंबर १९४५ ला फार्म हॉलमध्ये आलेल्या वर्तमानपत्रात हानला रसायनशास्त्राचं नोबेल मिळाल्याची बातमी निघाली. एकट्या हानला. त्या कैदखान्यात मेजवानी झाली, गाणी रचली गेली, भाषणं झाली, लाउए बोलला तेव्हा डोळे पाणावले. माइट्नर स्टॉकहोममध्ये होती. जूनच्या अखेरीस तिने हानला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तिने आपल्या जिवाभावाच्या मित्राला स्पष्ट विचारलं होतं : तुम्ही सगळ्यांनी नाझी जर्मनीसाठी काम केलंत, साधा निष्क्रिय प्रतिकारही करून पाहिला नाहीत. एका अमेरिकन माणसाच्या हाती तिने ते पाठवलं. ते हानपर्यंत पोहोचलंच नाही.

तेव्हा दोन प्रश्न होते. एक, तुला काय येतं? दुसरा, तू काय केलंस? पहिला विचारायला सैन्यं निघाली होती, विमानं होती, जहाजं होती, पलीकडच्या खोलीत तबकड्या फिरत होत्या. दुसरा एका बाईच्या हातच्या पत्रात होता.

दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या वाट्याला आले असं उदाहरण शोधत गेले की मी सॅम्युएल खाउडस्मिटपाशी येऊन थांबते. नेदरलँड्सचा, ज्यू, १९२५ मध्ये उलेनबेकबरोबर इलेक्ट्रॉनच्या फिरकीची कल्पना मांडणारा. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. हायझेनबर्ग त्याचा जुना स्नेही. युद्ध पेटायच्या आधीच्या उन्हाळ्यात, १९३९ मध्ये, अ‍ॅन आर्बरला दोघं भेटले होते. अमेरिकेत राहून जा म्हणून तिथे हायझेनबर्गला अनेकांनी विनवलं, पण तो परतला. मार्च १९४३ मध्ये खाउडस्मिटला आईवडिलांचं पत्र मिळालं. पत्ता छळछावणीचा होता आणि तो निरोप होता. डच शास्त्रज्ञ कोस्टरने हायझेनबर्गला मदतीसाठी लिहिलं. हायझेनबर्गने उत्तरादाखल एक पत्र दिलं : खाउडस्मिटने परदेशात जर्मनांचं नेहमी चांगलं आदरातिथ्य केलं, त्याच्या आईवडिलांना काही अडचणी आल्या तर आपल्याला वाईट वाटेल. जपून, मोजूनमापून लिहिलेलं पत्र. तोवर उशीर झाला होता. खाउडस्मिटला युद्धानंतर नाझींच्याच काटेकोर नोंदींतून कळलं की वडील आणि आंधळी आई यांना ज्या दिवशी विषारी वायूच्या कोठडीत नेलं, तो वडिलांचा सत्तरावा वाढदिवस होता.

याच माणसाला अमेरिकेने 'अल्सोस' मोहिमेचा वैज्ञानिक प्रमुख नेमलं. जर्मनीचा अणुबॉम्ब कुठवर आला आहे ते शोधायचं आणि तो करणाऱ्यांना ताब्यात घ्यायचं, हे काम. कर्नल पॅश सैन्याचं बघायचा, खाउडस्मिट कागद वाचायचा. १९४४ च्या अखेरीस स्ट्रासबुर्गमध्ये वाइत्सझेकरचे कागद हाती आले आणि ते मेणबत्तीच्या उजेडात वाचताना त्याला उमगलं की जर्मनांकडे बॉम्ब नाही, जवळपासही नाही. पुढे हायगरलोख गावात, टेकडीवरच्या चर्चखालच्या गुहेत, त्यांची अपुरी अणुभट्टी सापडली. तिथे युरेनियमचे ६६४ ठोकळे साखळ्यांनी जड पाण्यात लोंबत सोडले होते. ते ठोकळे नंतर लपवून शेतात पुरलेले निघाले, महत्त्वाचे कागद मैल्याच्या टाकीत. पॅशने ३ मेला बव्हेरियातल्या डोंगरात उर्फेल्ड इथे हायझेनबर्गला ताब्यात घेतलं.

या धावपळीत खाउडस्मिट एकदा हेगला गेला, आपल्या घरी. जीप लावली आणि आत शिरला. खिडक्या नव्हत्या. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात जळणासाठी लोकांनी लाकूड काढून नेलेलं. ज्या लहान खोलीत त्याचं बालपण गेलं तिथे जमिनीवर कागद विखुरले होते. त्यांत त्याची शाळेची प्रगतिपुस्तकं होती, आईवडिलांनी इतकी वर्षं जपून ठेवलेली.

इथे मी प्रत्येक वेळी पुस्तक मिटते. माझ्या आईने माझी प्रगतिपुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत, नॅप्थलीनच्या गोळ्या टाकून ठेवली होती. मुलाची हुशारी आईबाप अशीच जपतात, हेगमध्ये आणि चिंचवडमध्ये. आणि तो हुशार मुलगा तिथे परत येतो तो दुसऱ्या हुशार मुलाला शोधण्याच्या कामावर असताना.

हायडेलबर्गमध्ये दोघे समोरासमोर आले. खाउडस्मिटने विचारलं, अमेरिकेत येऊन आमच्याबरोबर काम करणार का? हायझेनबर्ग म्हणाला, नाही, जर्मनीला माझी गरज आहे. आणि तुमच्या सहकाऱ्यांना युरेनियमचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर मी आनंदाने समजावून सांगेन. तेव्हा अमेरिकेत काय झालं होतं हे खाउडस्मिटला ठाऊक होतं, पण बोलायची मुभा नव्हती. त्या खोलीत त्याने आईवडिलांचा विषय काढला का, हे मला त्या नोंदींमध्ये दिसत नाही. त्याला जे विचारायला पाठवलं होतं ते त्याने विचारलं. पुढे बरीच वर्षं तो हायझेनबर्गशी पत्रांतून भांडत राहिला, आणि त्याच्यावर अन्याय करतो अशी टीका सोसत राहिला. माझं मत विचाराल तर त्या माणसाने जेवढा संयम दाखवला त्याला तोड नाही.

फार्म हॉलच्या दहा जणांना बरोबर सहा महिन्यांनी, ३ जानेवारी १९४६ ला, जर्मनीत परत पाठवलं. ते प्रयोगशाळांत परतले, संस्थांचे प्रमुख झाले. त्यांच्यापुरतं ते नजरकैदेतलं अर्धं वर्ष संपलं. अग्निबाणवाल्यांची कथा याहून काळी आहे.

व्ही-२ आधी बाल्टिक किनाऱ्यावर पेनेम्युंडे इथे तयार होत असे. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी तिथे बॉम्ब टाकल्यावर उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगरातल्या बोगद्यांत हलवलं गेलं. बोगदे वाढवायला आणि अग्निबाण जोडायला छळछावण्यांतून कैदी आणले. छावणीचं नाव डोरा. पहिले कित्येक महिने ती माणसं त्या बोगद्यातच राहिली, तिथेच झोपली. सुरुंगांची धूळ, पाणी नाही, शौचाला कापलेली पिंपं. डोरा आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे ६०,००० कैदी गेले आणि त्यांतले सुमारे २०,००० मेले. घातपाताच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातल्याच क्रेनला टांगून फाशी देत आणि बाकीच्यांना त्या देहांखालून कामावर जावं लागे. लंडन आणि अँटवर्पवर पडून व्ही-२ ने जेवढी माणसं मारली त्याहून कितीतरी जास्त ती बनवताना मेली. फॉन ब्राउन तिथे जात असे. तो एस.एस.चा अधिकारी होता. ऑगस्ट १९४४ मधलं त्याचं एक पत्र उपलब्ध आहे. त्यात बुखेनवाल्ड छावणीत जाऊन तांत्रिक कौशल्य असलेले कैदी आपण स्वतः शोधल्याचं तो लिहितो. तिथेही पहिला प्रश्न तोच होता, तुला काय येतं.

अमेरिकन सैन्य ११ एप्रिल १९४५ ला नॉर्डहाउझेनला पोहोचलं. त्यांनी प्रेतं पाहिली, गावकऱ्यांना ती पुरायला लावली. आणि काही आठवड्यांत त्याच बोगद्यांतून शंभरेक व्ही-२ चे सुटे भाग ३४१ रेल्वेवाघिणींत भरून अँटवर्पला रवाना केले, कारण तो भाग लवकरच रशियनांकडे जायचा होता. फॉन ब्राउन २ मेला आल्प्समध्ये शरण आला. त्याचा धाकटा भाऊ सायकलवरून पुढे जाऊन अमेरिकन शिपायाला भेटला होता. त्या वेळच्या फोटोत हात प्लास्टरमध्ये असलेला फॉन ब्राउन हसतो आहे. अमेरिकेला न्यायची माणसं निवडायला एक यादी मिळाली होती, बॉन विद्यापीठाच्या शौचकुपात नष्ट न होता राहिलेली. पसंत पडलेल्यांच्या फायलीला पेपरक्लिप लावत, त्यावरून मोहिमेचं नाव 'पेपरक्लिप' पडलं. या वाटेने सुमारे १,६०० माणसं अमेरिकेत गेली. ट्रूमनने सप्टेंबर १९४६ मध्ये मंजुरी देताना अट घातली होती की नाझी पक्षात नाममात्र नव्हे तर खरा सहभाग असलेल्यांना आणायचं नाही. मग अहवाल बदलले गेले. फॉन ब्राउनबद्दल १९४७ मध्ये 'सुरक्षेला संभाव्य धोका' असं लिहून आलं होतं, पुढच्या वर्षीच्या अहवालात तो धोका मावळला.

रशियनांची पद्धत वेगळी. २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे त्यांच्या ताब्यातल्या जर्मनीत दारं ठोठावली गेली. अंगणात ट्रक उभे, हातात हुकूम, सामान बांधा. दोन हजारांवर तज्ज्ञ, त्यांच्या बायका, मुलं, खाटा, कपाटं असं सगळं आगगाड्यांत चढलं. हेल्मुट ग्रोट्रुप नावाचा फॉन ब्राउनचा सहकारी सेलिगर सरोवरातल्या गोरोडोम्ल्या बेटावर पोहोचला आणि १९५३ पर्यंत परतू शकला नाही. काटेरी तारा, बर्फ आणि पुढे पुढे काही कामही नाही, कारण त्याच्याकडचं काढून घेऊन झालं होतं. मला त्या बायकांचं वाईट वाटतं. त्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं.

जपानबद्दल थोडकंच लिहिते, कारण लिहिवत नाही. मांचुरियात पिंगफांग इथे जनरल इशिईच्या ७३१ तुकडीने जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले, जिवंतपणी शरीरं चिरली. अमेरिकेने त्या प्रयोगांची माहिती घेतली आणि बदल्यात खटल्यांतून सूट दिली. टोकियोच्या खटल्यात त्यांतलं कुणी उभं राहिलं नाही. रशियाने डिसेंबर १९४९ मध्ये खबारोव्हस्कला काही जणांवर खटला चालवला, पश्चिमेने त्याला प्रचार म्हटलं. इशिई मोकळा राहूनच मेला.

आपणही यात होतो. बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या आवारात मरुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान उभं आहे. काही वर्षांपूर्वी भर दुपारी मी त्याच्या सावलीत उभी होते. निमुळतं, मागे झुकलेल्या पंखांचं, फार सुंदर दिसतं ते. त्याचा रचनाकार कुर्ट टांक, जर्मनीच्या फोकेवुल्फ १९० या लढाऊ विमानाचा जनक. युद्धानंतर तो अर्जेंटिनात गेला, तिथली राजवट उलथल्यावर १९५६ मध्ये भारतात आला. १७ जून १९६१ ला मरुतने पहिलं उड्डाण केलं. सुमारे दीडशे विमानं बनली. त्याला साजेसं इंजिन आपल्याला कधी मिळालं नाही, तरी १९७१ मध्ये ती लढली. मरुत जिथे बनलं त्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर चंपूचे विष्णू माधव घाटगे होते. तेही जर्मनीत शिकलेले, गोटिंगेनला प्रांटलच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतलेले. टांक येण्याआधीच, १९५१ मध्ये, त्यांचं एचटी-२ हे विमान उडालं होतं. आपल्याकडे टांकचं नाव जेवढं घेतलं जातं तेवढं घाटग्यांचं घेतलं जात नाही, याची मला खंत आहे.

टांक आधी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकवायला होता. अब्दुल कलाम तेव्हा तिथले विद्यार्थी. घराघरात वाचल्या गेलेल्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी प्रा. स्पाँडर या ऑस्ट्रियन शिक्षकाबद्दल लिहिलं आहे. स्पाँडर महायुद्धात नाझींच्या छळछावणीत राहून आलेले आणि जर्मनांविषयी त्यांच्या मनात तीव्र अढी. आणि त्याच विभागाचा प्रमुख जर्मन, त्याच संस्थेत टांक. कलामांनी हे दोनचार वाक्यांत सांगितलं आहे आणि ते पुढे गेले आहेत. मी तिथेच राहिले. मद्रासचा उकाडा, छताला फिरणारे पंखे, एकाच व्हरांड्यातून एकमेकांसमोरून जाणारे हे दोघं. विद्यार्थी दोघांच्याही तासाला वही उघडून बसलेले. देश नवा, हातात काही नाही, विमान बांधायचं आहे. टांकला कुणी विचारलं असेल की तुमचे कारखाने युद्धात कुणाच्या श्रमावर चालले? विचारायला हवं होतं असं मी म्हणते, आणि लगेच मला वडिलांचा त्या लेथवरचा हात दिसतो, आणि नेहरूंच्या जागी मी असते तर काय केलं असतं याचं उत्तर देता येत नाही.

जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्री चाळीच्या गॅलरीत रेडिओभोवती सगळे जमले होते. वडील उठून अंगणात गेले आणि कितीतरी वेळ वर बघत उभे राहिले. मी त्यांच्या लेंग्याला धरून उभी होते. तो आनंद खरा होता. तो कुणी माझ्याकडून काढून घ्यावा असं मला वाटत नाही, आणि शेजारच्या मुलीच्या तक्त्यावरून फॉन ब्राउनला काढावं असंही नाही. मला तिथे आणखी एक ओळ हवी आहे, डोराची. तिच्या प्रश्नाला त्या ओळीशिवाय उत्तर नाही आणि सातवीतल्या मुलीला ती पेलणार नाही असं मी मानत नाही. तिच्याएवढी मुलं त्या छावण्यांत होती.

ज्या सॅटर्न-५ वर आमची चाळ जागली, त्या प्रकल्पाचा व्यवस्थापक आर्थर रुडॉल्फ होता. बोगद्यातल्या व्ही-२ कारखान्यात तो उत्पादनप्रमुख होता. १९४५ मध्येच अमेरिकन अधिकाऱ्याने त्याच्याबद्दल टिपण लिहिलं होतं : शंभर टक्के नाझी, धोकादायक माणूस, नजरकैदेत ठेवावं. १९४७ मध्ये डोराबद्दल त्याची जबानीही घेतली गेली. त्या वर्षी डाखाउला डोराचा खटला चालला तेव्हा कारखान्याचा सरव्यवस्थापक रिखाय याला ओहायोतून परत नेऊन उभं केलं, तो निर्दोष सुटला, आणि सगळे कागद गुप्त ठरले. रुडॉल्फ अग्निबाण बांधत राहिला. नासाने त्याला आपलं सर्वोच्च पदक दिलं. मग १९८० च्या सुमारास हार्वर्डमध्ये कायदा शिकणारा एक तरुण, एलाय रोझेनबाउम, पुस्तकांच्या दुकानात डोराच्या एका फ्रेंच कैद्याने लिहिलेल्या आठवणी वाचायला घेतो. डोरा हे नाव त्याने कधी ऐकलेलं नसतं. पाठोपाठ तो अग्निबाणवाल्यांच्या गौरवाचं दुसरं पुस्तक उघडतो. त्यात रुडॉल्फने स्वतःच सांगितलेली एक आठवण असते. १९४३ च्या अखेरची रात्र, नववर्षाची मेजवानी रंगात आलेली, आणि कैद्यांकडून सुटे भाग हलवून घ्यायचे म्हणून त्याला ती अर्धवट सोडून जावं लागलं. बाहेर थंडी होती, त्याला फार राग आला होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याला प्रश्न विचारले तेव्हा तो पंचाहत्तरी ओलांडलेला होता. १९८४ मध्ये तो देश सोडून गेला, हॅम्बुर्गला. पदक त्याच्याकडेच राहिलं.